ब्रशने न जाणारा लाल डाग: मुलांच्या हिरडीवरची दुर्मीळ वाढ कशी ओळखायची आणि पुढे काय करायचं

"रोज ओरडते हो मॅडम, पण ही नीट घासतच नाही."

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात सातवीतली एक मुलगी ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसली होती आणि तिची आई माझ्याशी बोलत होती. आधी दुसरीकडे दोनदा क्लीनिंग झालेलं. तीन वेगवेगळ्या पेस्ट झाल्या, एक माउथवॉश झाला, "उष्णता आहे अंगात" म्हणून आजीचा गुलकंद आणि सब्जाही झाला. ओठ वर उचलून पाहिलं तर वरच्या पटाशीच्या शेजारच्या दातावर, हिरडीच्या अगदी काठाला, मसुराच्या डाळीएवढा लालभडक ठिपका. बाकीचं तोंड स्वच्छ होतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे मुलांच्या तोंडात हमखास कीटण सापडतं, तिथेही काही नव्हतं. पोरगी खरंच घासत होती. महिनाभर बोलणी मात्र खात होती.

हिरडी लाल दिसली की दात नीट घासत नाही, हे गणित दहातल्या नऊ वेळा बरोबर असतं. मी स्वतः दिवसभर तेच सांगत असते. उरलेल्या एका वेळेसाठी हा लेख आहे. त्यात लहान मुलांत आणि तरुणांत दिसणारी हिरडीची एक दुर्मीळ वाढ येते, तिच्यासारख्या दिसणाऱ्या चार-पाच गोष्टी येतात, आणि त्यांपैकी एक-दोन अशाही आहेत की जिथे वाट बघून चालत नाही.

आधी नाव सांगून टाकते

लोकलाइज्ड जुवेनाइल स्पॉन्जिऑटिक जिंजायव्हल हायपरप्लेझिया. एका दमात म्हणता येत नाही. सोडवून सांगायचं तर, एकाच जागी, कोवळ्या वयात, स्पंजासारखी फुगलेली हिरडीची वाढ. पुढे मी तिला 'स्पंजी वाढ' म्हणेन. हे माझ्या सोयीचं नाव आहे, पुस्तकातलं नाही.

वैद्यकाच्या हिशेबात ही ओळख अगदी अलीकडची. कॅनडातल्या डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००७ साली तिचं वेगळेपण पहिल्यांदा मांडलं, तेव्हा नाव होतं जुवेनाइल स्पॉन्जिऑटिक जिंजिव्हायटिस. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकेतल्या चँग, केसलर आणि राइट यांनी ५२ रुग्णांचे नमुने तपासून आजचं लांबलचक नाव दिलं. त्याआधी असे ठिपके 'वयात येतानाची हिरडीसूज', 'पॅपिलोमा' अशा निरनिराळ्या खणांत टाकले जात. त्यामुळे ज्यांचं शिक्षण त्याआधी झालं अशा डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकात हे नाव नव्हतंच. माझ्याही नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी ते ऐकलेलं नसेल तर लगेच त्यांना मोडीत काढू नका.

पायरी १: मुलाला खिडकीपाशी उभं करा

बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात हिरडीचा रंग कळत नाही. सकाळी खिडकीपाशी किंवा गॅलरीत उभं करा, हात धुऊन अंगठ्याने वरचा ओठ अलगद उचला आणि बघा. मग फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो काढा. ब्रश करण्याआधीचा एक आणि पाणी भरून चूळ मारल्यावरचा एक. तारीख फोटोत आपोआप राहते आणि पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडते. "किती दिवस झाले?" या प्रश्नाला पालक "झाले असतील दोनेक महिने" म्हणतात, आणि फोनमधला वाढदिवसाचा फोटो मोठा करून पाहिला तर ठिपका सहा महिन्यांपूर्वीच्या हसण्यातही असतो.

रंग बघताना एक लक्षात ठेवा. जाहिरातीतली गुलाबी हिरडी आपल्याकडे सगळ्यांची नसते. गव्हाळ-सावळ्या माणसांच्या हिरडीवर तपकिरी, कधी काळसर पट्टा असतो. ते कातडीतलंच रंगद्रव्य, मेलॅनिन. तो आजार नाही आणि घासून उजळवायचाही नाही. उलट स्पंजी वाढ अशा हिरडीवर जास्त ठळक दिसते, कारण नेमक्या तेवढ्याच तुकड्यातला तपकिरी रंग नाहीसा होऊन लाल उमटलेला असतो.

आता स्पंजी वाढीची ठेवण. ती बहुतेक वेळा वरच्या जबड्यात, पुढच्या दातांवर, ओठाच्या बाजूला असते. खालच्या पुढच्या दातांवरही होते, पण कमी. आतल्या, जिभेकडच्या बाजूला क्वचितच. रंग चकचकीत लाल. पृष्ठभाग गुळगुळीत नसतो, बारीक दाणेदार किंवा मखमलीसारखा असतो. पिकलेल्या तुतीचं फळ जवळून कसं दिसतं, तसं काहीसं. आकार काही मिलिमीटरचा, फार तर सेंटिमीटरभर. कडा स्पष्ट: इथे संपलं आणि इथून नेहमीची हिरडी सुरू झाली, असं बोट ठेवून दाखवता येतं. ब्रश लागला की रक्त येतं, पण सहसा दुखत नाही. बहुतेक रुग्ण विशीच्या आतले, मधलं वय बाराच्या आसपास, आणि मुलींचं प्रमाण थोडं जास्त. काही जणांना एकाच वेळी दोन-तीन दातांवर ठिपके असतात. मोठ्या माणसांतही अशा वाढी सापडल्या आहेत, त्यामुळे नावातला 'जुवेनाइल' शब्द ठेवावा की काढावा यावर तज्ज्ञांत चर्चा आहे.

बघताना हमखास फसगत होते ती पुळीपाशी. लहानपणी सोसायटीच्या जिन्यात पडून पुढच्या दाताला मार बसलेला असतो, कोणाच्या लक्षातही राहत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो दात आतून मरतो, किंचित करडा पडतो आणि हिरडीवर पुळी येते. ती काठापासून वर असते, मुळाच्या टोकाच्या दिशेने. दाबली तर पू येतो, मग बसते, पुन्हा येते. स्पंजी वाढ मात्र दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या काठाला धरून असते. पुळी असेल तर प्रश्न दाताचा, एक्स-रे काढून मुळाचा उपचार करावा लागतो.

दोन दातांच्या मधल्या हिरडीतून देठावर आल्यासारखी, भराभर वाढणारी, हात लावताच भळाभळा रक्त येणारी लाल गाठ ही आणखी वेगळी. तिला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. नावात पू असला तरी तिच्यात पू नसतो.

पायरी २: आजच निघायचं की थांबायचं

हा भाग घाईने वाचू नका.

ठिपका एकाच जागी आहे, मूल हुंदडतंय, जेवतंय, ताप नाही, तर थांबायला वेळ आहे. पण पूर्ण तोंडातल्या हिरड्या काही आठवड्यांत फुगून दातांवर चढू लागल्या, रंग फिका किंवा जांभळट झाला, ब्रश न लावताही उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले, आणि त्यासोबत मूल मलूल, सारखा ताप, अंगावर न आपटता काळे-निळे डाग, मानेत गाठी, असं काही असेल तर दाताच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका. त्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरकडे जा आणि सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. रक्ताच्या कर्करोगाचे काही प्रकार, विशेषतः मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचे, कधी कधी सर्वांत आधी हिरडीत दिसतात. हिरडी रोगट पेशींनीच भरून फुगलेली असते. अशा हिरडीला रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणी ब्लेड लावू नये. लावलं तर रक्त थांबवताना नाकी नऊ येतात.

ठाणे-नवी मुंबईत पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ताप आणि हिरडीतून रक्त हे दोन्ही एकदम आलं तर डेंग्यूसाठी रक्त आणि प्लेटलेट तपासा. तिथे हिरडी वाढत नाही, फक्त पाझरते. त्या दिवसांत "दात घासताना रक्त येतंय" एवढंच सांगून फोन ठेवू नका, तापाचं नक्की सांगा.

पायरी ३: औषधांचा डबा उघडा आणि आजी-आजोबांना हसायला सांगा

दोन चौकश्या घरातच होतात आणि त्या कोणी करत नाही.

पहिली औषधांची. मुलाला आकडी येते म्हणून फेनिटॉइन चालू आहे का? एप्टॉइन या नावाने ते घरोघरी ठाऊक असतं. हे औषध घेणाऱ्या साधारण निम्म्या लोकांच्या हिरड्या कमी-जास्त वाढतात, आणि ही गोष्ट १९३९ पासून नोंदलेली आहे. मूत्रपिंड बदलल्यावर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिन, रक्तदाबाची निफेडिपिन आणि अम्लोडिपिन हीसुद्धा त्याच यादीत. औषधाने होणारी वाढ गोळी सुरू केल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत दिसू लागते, दोन दातांमधल्या टोकापासून सुरू होते, आणि ती घट्ट, फिकट गुलाबी, ठिकठिकाणी असते. मखमली लाल ठिपका म्हणजे हे नव्हे. पण असं काही दिसलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. आकडीचं औषध अचानक थांबवलं तर थांबता न थांबणारी आकडी येऊ शकते, आणि त्यापुढे हिरडी काहीच नाही. ज्यांनी गोळी दिली त्या मेंदूविकारतज्ज्ञांना फोटो दाखवा. पर्यायी औषधं आहेत, बदल त्यांनी करायचा. दरम्यान दात काटेकोर स्वच्छ ठेवले तर वाढ कमी राहते, कारण औषध आणि दातांवरचा चिकट थर मिळून हे काम करतात.

दुसरी चौकशी घराण्याची. आई-वडील, काका-मावशी, आजी-आजोबा यांच्या हसण्यात दात आखूड दिसतात का? कोणाच्या हिरड्या तरुणपणी कापाव्या लागल्या होत्या का? आनुवंशिक जिंजायव्हल फायब्रोमॅटोसिस नावाची आणखी एक दुर्मीळ वाढ आहे. सुमारे १,७५,००० माणसांत एक, असं प्रमाण सांगितलं जातं. पक्के दात येऊ लागतात त्या वयात ती डोकं वर काढते. हिरडी दगडासारखी घट्ट, फिकट, न दुखणारी, सहसा रक्त न येणारी, आणि हळूहळू दात झाकून टाकणारी. दुधाचे दात पडत नाहीत, पक्के दात वर येत नाहीत, बोलताना ओठ मिटत नाही. बहुतेक घराण्यांत ती आई किंवा वडिलांपैकी एकाकडून येते, आणि प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. २००२ मध्ये एका घराण्यात एसओएस-वन या जनुकातला बदल तिच्यामागे सापडला. काही मुलांत ती एकटी येत नाही. अंगावर दाट लव, आकडी, ऐकू कमी येणं, नखं किंवा बोटांच्या टोकांत दोष अशी सोबत असते. म्हणून अशा मुलाला फक्त दाताच्या डॉक्टरने बघून भागत नाही.

एका आजींनी मला एकदा सांगितलं होतं, "अहो डॉक्टरीणबाई, आमच्यात सगळ्यांचेच दात उशिरा येतात, त्याला काय एवढं!" नातवाच्या केसपेपरवर मी लिहिलेली सगळ्यात कामाची ओळ तीच होती.

पायरी ४: दोन आठवड्यांची परीक्षा

वरचं काहीच नसेल तर आता घासण्याची परीक्षा घ्या. मात्र ही परीक्षा हिरडीची आहे, मुलाची नाही.

साध्या हिरडीसुजेचा स्वभाव फार नीट अभ्यासलेला आहे. डेन्मार्कमध्ये १९६५ साली लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावल्यावर आठवडाभरात सूज उतरली. म्हणजे थरामुळे आलेली सूज थर गेल्यावर जाते, आणि लवकर जाते. तुमच्या घरची परीक्षा याच्यावरच उभी आहे.

मऊ ब्रश घ्या. केस हिरडीकडे तिरपे, साधारण ४५ अंशात, काठावर टेकवा आणि जागच्या जागी बारीक थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे ओढा. ठिपक्यावर रक्त आलं तरी तो भाग सोडायचा नाही, आणि रगडायचाही नाही. रक्त येतं म्हणून मुलं नेमकी तीच जागा चुकवतात, मग तिथे थर साचतो आणि दोन गोष्टींची सरमिसळ होते. रात्रीचं घासणं आईने किंवा बाबांनी समोर उभं राहून करून घ्यावं. तारा लावलेल्या असतील तर तारेखालून जाणारा छोटा ब्रश वापरा. १४ दिवसांनी त्याच खिडकीपाशी तसाच फोटो.

सगळीकडची लाली उतरली आणि ठिपकाही गेला, तर साधी सूज होती. सगळीकडे सुधारलं आणि ठिपका मात्र जसाच्या तसा, जणू त्याचा या सगळ्याशी संबंधच नाही, तर पुढच्या पायरीवर या. घासण्याला दाद न देणं हे स्पंजी वाढीचं सगळ्यात बोलकं लक्षण आहे.

या दोन आठवड्यांत ठिपक्यावर हळद, तुरटी, लवंगेचं तेल, चुना यांतलं काही लावू नका. लवंग तेलाने आणि दाबून धरलेल्या डिस्प्रिनने भाजलेल्या हिरड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता विचारल्याशिवाय राहवत नाही. आणि मिश्री. घरात कोणी लावत असेल तर "रक्त थांबतं" म्हणून पोरांच्या हिरडीवर बोट फिरवलं जातं. ती भाजलेली तंबाखू आहे, औषध नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या चालतील. त्यांनी ठिपका जाणार नाही, पण कोणाचं नुकसानही होत नाही.

मुळात हे होतं कशामुळे

दात हिरडीतून बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती हिरडीची कॉलर असते. कॉलरच्या बाहेरचं कापड जाड, टिकाऊ, चावण्याचा मार खाणारं. आतलं अस्तर, जे दाताला चिकटलेलं असतं, ते पातळ आणि नाजूक. स्पंजी वाढीत सदऱ्याची कॉलर उलटून अस्तर बाहेर यावं तसं काहीसं होतं, असं आज मानलं जातं. आत राहायचं ते नाजूक अस्तर उघड्यावर येतं. तिथे वारा लागतो, घास लागतो, ब्रश लागतो. मग ते चिडतं, पेशींमध्ये पाणी भरतं, आणि स्पंजासारखं फुगतं. लाल दिसतं कारण पातळ पडद्यातून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात.

या कल्पनेला आधार प्रयोगशाळेतला आहे. सीके-१९ नावाचं एक प्रथिन दाताला चिकटलेल्या त्या आतल्या अस्तरात सापडतं, बाहेरच्या जाड हिरडीच्या वरच्या थरांत नाही. स्पंजी वाढीच्या नमुन्यात ते पूर्ण जाडीभर सापडतं. अस्तर बाहेर का येतं, याचं एकच एक उत्तर ठरलेलं नाही. दात येतानाची उलथापालथ, तोंडाने श्वास घेण्याची सवय, तारा, अशी नावं घेतली जातात, पण यांतलं काहीच नसलेल्या मुलांतही ती होते. दोन शंका मात्र बऱ्यापैकी मिटल्या आहेत. चामखिळीचा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, या नमुन्यांत सापडलेला नाही. आणि वय बारा-तेरा असलं तरी पाळीच्या संप्रेरकांवर खापर फोडता येत नाही, कारण त्या संप्रेरकांना धरणारे रिसेप्टर या पेशींत मिळाले नाहीत. शिवाय मुलग्यांनाही होतेच.

हे संसर्गजन्य नाही. एकाच बाटलीने पाणी प्यायल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांनाही हे सांगावं लागतं, म्हणून लिहिलं.

पायरी ५: कोणाला दाखवायचं

हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. मूल लहान असेल तर मुलांच्या दातांचे डॉक्टर, पेडोडॉन्टिस्ट, सोबत असले तर बरं. ठाण्यात खासगी दवाखान्यांत दोन्ही मिळतात, बरेचदा ठरावीक वारीच येतात, त्यामुळे वार विचारून जा.

खर्चाचा विचार असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर नवी मुंबईत दंत महाविद्यालयांची रांगच आहे: नेरूळला दोन, बेलापूरला, खारघरला आणि कामोठ्याला. ठाणे स्टेशनवरून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी पकडा. वाशीची गाडी पकडलीत तर नेरूळ लागणार नाही, हे नवख्यांचं नेहमीचं. ओपीडीत केसपेपर काढताना "दात दुखतो" सांगू नका, "हिरडीवर वाढ आहे, पेरिओला दाखवायचंय" सांगा. नाहीतर पहिले दोन तास क्लीनिंगच्या रांगेत जातात. तिथे आधी विद्यार्थी बघतात, मग सर किंवा मॅडम येतात. वेळ लागतो, पण एक फायदा खासगीत सहज मिळत नाही. तोंडाच्या आजारांचे पॅथॉलॉजिस्ट त्याच इमारतीत बसतात. हिरडीचा तुकडा रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या माणसाने रिपोर्ट लिहिणं आणि सगळ्या अवयवांचे नमुने बघणाऱ्याने लिहिणं, यात या आजारापुरता तरी फरक पडतो. मुंबईत जायची तयारी असेल तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायरचं दंत महाविद्यालय आहेच.

सोबत न्यायचं: तारखांचे फोटो, चालू औषधांची पट्टी (नाव आठवत नाही म्हणू नका, पट्टीच न्या), आधीचे एक्स-रे, आणि मुलाला आकडी, हृदयाचा दोष किंवा रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर त्याचे कागद.

पायरी ६: बायोप्सी या शब्दाला घाबरू नका, पण बाटलीकडे लक्ष ठेवा

डॉक्टर आरशाने बघतील, बारीक पट्टीने दात आणि हिरडीमधली खोली मोजतील, एक छोटा एक्स-रे काढतील. स्पंजी वाढीत हाड नेहमीसारखं असतं, दात हलत नाही. नुसतं बघून अनुभवी माणसाला दाट शंका येते, पण नक्की नाव सूक्ष्मदर्शकच देतो. त्यासाठी तुकडा काढावा लागतो. ठिपका छोटा असेल तर अख्खाच काढतात, म्हणजे तपासणीही झाली आणि उपचारही.

हे काम खुर्चीतच होतं. सुईच्या आधी जेल लावतात, मग लिग्नोकेनची भूल. पुढच्या हिरडीत सुई टोचते, ते खोटं सांगू नका मुलाला. "मुंगी चावल्यासारखं" म्हणून फसवलेलं मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. काम पंधरा-वीस मिनिटांचं, टाके बहुतेक लागत नाहीत.

काढलेला तुकडा ज्या बाटलीत टाकतात तिच्यात १० टक्के फॉर्मालिन असायला हवं. पाणी नाही, स्पिरिट नाही, सलाइन नाही. माझ्याकडे एकदा बाहेरून आलेला तुकडा सलाइनमध्ये दोन दिवस राहिलेला होता. पेशी कुजलेल्या, रिपोर्ट "निश्चित सांगता येत नाही" असा, आणि त्या मुलाला दुसऱ्यांदा सुई. बाटलीवर नाव, वय, तारीख, दाताची जागा लिहिलेली आहे ना, हे तुम्ही वाचून घ्या. सोबतच्या फॉर्मवर डॉक्टरांनी वय आणि "स्वच्छतेला दाद न देणारा लाल ठिपका" एवढं लिहिलं तरी पॅथॉलॉजिस्टचं अर्धं काम होतं.

रिपोर्ट साधारण आठवड्याभरात येतो. तो संध्याकाळी मोबाइलवर येतो आणि पालक रात्रभर जागतात, म्हणून शब्द सांगून ठेवते. 'हायपरप्लेझिया' म्हणजे पेशींची संख्या वाढली आहे. तो कर्करोग नाही आणि कर्करोगाची पहिली पायरीही नाही. 'स्पॉन्जिओसिस' म्हणजे पेशींमध्ये पाणी साचून त्या एकमेकींपासून लांब सरकल्या. 'न्यूट्रोफिल' या सुजेच्या वेळी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी. 'पॅपिलरी' म्हणजे बोटांसारखे उंचवटे, ज्यामुळे वरून दाणेदार दिसतं. 'डिसप्लेझिया', म्हणजे पेशींची ठेवण बिघडणं, हा शब्द आला तर त्याच्या आधी 'नाही' आहे का ते बघा. बहुतेकदा असतोच.

पायरी ७: कापायचं की राहू द्यायचं

इथे माझं मत थोडं सावध आहे.

काढून टाकणं हा रूढ उपाय. ब्लेडने, लेझरने, काही ठिकाणी गोठवून. काढल्यावरही काही जणांत पुन्हा होतं. वेगवेगळ्या नोंदींत साधारण ६ ते १६ टक्के. दुसरीकडे, काही ठिपके काही न करता आपोआप मावळल्याच्याही नोंदी आहेत. आणि जागा कुठली? वरचे पुढचे दात. तिथे हिरडीचा काठ मिलिमीटरभर जरी खाली-वर झाला तरी आयुष्यभराच्या हसण्यात दिसतो. म्हणून ठिपका एकच आहे, सारखं रक्त येतं, निदानाची खात्री नाही, तर काढावा. तीन-चार दातांवर असतील तर त्यातला एक, कमी दिसणारा, तपासणीसाठी काढावा आणि बाकीच्यांवर नजर ठेवावी. सगळ्यांवर एका बैठकीत लेझर फिरवण्याचा उत्साह मला पटत नाही. लेझर वाईट नाही, रक्त कमी येतं, पण तुकडा जळून गेला तर तपासायला काय उरणार? पॅकेज सांगताना "नमुना पाठवणार का?" हा एक प्रश्न विचारा.

अँटिबायोटिकने हे बरं होत नाही. दर महिन्याला स्केलिंग, म्हणजे क्लीनिंग, करूनही नाही.

आनुवंशिक फायब्रोमॅटोसिसची गोष्ट वेगळी. तिथे वाढ दात झाकते, त्यामुळे कापावीच लागते, तोंडाचा एक-एक चतुर्थांश भाग घेऊन. शक्य असेल तर पक्के दात आल्यानंतर, कारण आधी केलं की पुन्हा वाढण्याचं प्रमाण जास्त. पण दात वरच येत नसतील किंवा मूल बोलण्या-चावण्यात अडत असेल तर तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत थांबत नाहीत.

काढल्यानंतरचे पंधरा दिवस

पहिल्या दिवशी थंड आणि मऊ. ताक-भात, साधं वरण, आइसक्रीम. स्ट्रॉ नको, सारखं थुंकणं नको. रक्त आलं तर स्वच्छ गॉझ किंवा ओला रुमाल पंधरा-वीस मिनिटं सलग दाबून धरायचा. दर मिनिटाला उचलून बघितलं तर थांबत नाही. चिवडा, चकली, वेफर्स आठवडाभर डब्यात बंद. वडापावचा पाव चालेल, वड्याचा कडक काठ नको.

०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला असेल तर १० मिली, दिवसातून दोनदा, दात घासल्यानंतर अर्ध्या तासाने. पेस्टचा फेस तोंडात असताना त्याचा जोर कमी होतो. दोन आठवड्यांच्या पुढे नको, दातांवर तपकिरी डाग येतात, चहा पिणाऱ्या मुलांत लवकर. चूळ गिळणाऱ्या लहान मुलाला तो देऊच नये. जखम १०-१४ दिवसांत वरून भरते. पहिले काही दिवस तिच्यावर पांढरट पापुद्रा दिसतो. तो पू नाही, खरवडू नका.

मग तपासणी एक महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. दरवेळी तीच खिडकी, तसाच फोटो.

त्या सातवीतल्या मुलीचा ठिपका मी काढला, रिपोर्ट अपेक्षेप्रमाणे आला. आठ महिन्यांनी शेजारच्या सुळ्यावर तिळाएवढा दुसरा उमटला. आई पुन्हा ब्रशवर घसरणार होती, पण मुलीनेच मोबाइल काढून तिला दोन आठवड्यांचे फोटो दाखवले. तो दुसरा आम्ही तसाच ठेवला आहे आणि दर तीन महिन्यांनी मोजतो. मागच्या वेळी थोडा फिका वाटला.

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात लॅबचा नमुना क्रमांक असतो. कागदाचा फोटो काढताना तो कापला जाणार नाही असं बघा. तुमच्या मुलाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, आणि पुढे कधी पुन्हा वाढ झाली किंवा दुसऱ्या तज्ज्ञांना काचपट्टी बघायची असली तर त्या क्रमांकावरच ती मिळते.